उद्या साडेआठला सांगतो

मिलिमीटर चाचांवर मी अजून रागावलेली आहे. ते जाऊन चार महिने झाले. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यांची चाचांशी गाठ पडलेली नव्हती. असा माणूस एकदा आयुष्यात आला की पुढं जन्मभर आपलंच आपल्याशी भांडण लागतं, आणि तो मात्र डोक्यावरची टोपी नीट करून आपल्या वाटेनं चालू लागतो.

परतूरच्या बाहेर एक सरकारी बियाण्यांचा फार्म होता, तिथं चाचा पाऊस मोजायचे. माझे बाबा त्याच फार्मवर मजूर, म्हणून आम्ही तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. फार्मच्या एका कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा होती. तिच्यात तापमापक ठेवलेली झडपांची एक पांढरी पेटी, वारा दाखवणारा लोखंडी बाण, आणि पर्जन्यमापक, म्हणजे वर नरसाळं आणि आत बाटली असलेला डबा. रोज सकाळी बरोबर साडेआठला चाचा कुंपणाचं फाटक उघडायचे, बाटलीतलं पाणी रेघा आखलेल्या काचेच्या गिलासात ओतायचे, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेघेला आणायचे आणि आकडा वहीत लिहायचे. उन्हाळ्यात ती बाटली महिनोन्‌महिने कोरडी ठाक. तरी चाचा ती रोज उपडी करणार, गिलासात काही पडलं नाही हे उजेडात धरून बघणार, आणि मगच शून्य लिहिणार. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस रिकाम्या बाटलीला नमाज शिकवतोय.

त्यांचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळ्या तालुक्याला ते मिलिमीटर चाचा.

येणारे-जाणारे शेतकरी कुंपणाशी थांबून विचारायचे, "चाचा, येतो का आज पाऊस?"

"उद्या साडेआठला सांगतो."

"अवो, उद्या पडून गेल्यावर सांगून काय फायदा?"

"मंग पडल्याबिगर कसं सांगू? तू जेवल्याबिगर ढेकर देतो का?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि ते पावसापुरतंच नव्हतं. पोरगा पास होईल का, सोयाबीनला भाव येईल का, यंदा कुणाचं सरकार येईल, कुणी काहीही विचारलं तरी हेच. तब्येत कशी आहे म्हटलं तर म्हणायचे, "कालपर्यंत ठीक व्हती." चाची बिचाऱ्या कपाळावर हात मारायच्या. "इनकू पूछो रात कू क्या पकाना, तो दोपहर कू क्या खाया वो बताते," असं त्या माझ्या आईला सांगायच्या, आणि दोघी हसत बसायच्या. मला मात्र तेव्हा चाचा जगातले सर्वांत हुशार गृहस्थ वाटायचे. सगळी मोठी माणसं उद्याबद्दल छातीठोक बोलायची आणि सगळ्यांचं चुकायचं. चाचांचं कधीच चुकत नव्हतं.

सहावीत असताना मी रोज कुंपणाबाहेर उभी राहून त्यांचं काम बघायचे. एक दिवस त्यांनी फाटक उघडं ठेवलं आणि म्हणाले, "आत ये. पन सावली पेटीवर पाडू नको." मग त्यांनी अडगळीतून एक जुना, निकामी म्हणून काढून टाकलेला पर्जन्यमापक शोधून काढला, त्याचा चेपलेला काठ स्वतः ठोकून गोल केला आणि आमच्या क्वार्टरमागं बसवून दिला. एक गिलास दिला, शंभर पानी वही दिली. रोज साडेआठला मी माझं मोजायचं, ते त्यांचं मोजणार. दर रविवारी माझी वही ते त्यांच्या वहीशी ताडून बघणार. दहावी होईपर्यंत, चार-पाच वर्षं, हे चाललं. माझ्याशिवाय दुसरं कुणी पोर तिकडं फिरकलं नाही. बाकीची पोरं क्रिकेट खेळत होती आणि मला 'मिलिमीटरची मिलिमीटर' म्हणत होती.

सातवीतल्या थंडीतली गोष्ट. एका सकाळी मला पांघरुणातून निघवेना. खिडकीतून आभाळ दिसत होतं, स्वच्छ निळं. मी पडल्या पडल्या वहीत शून्य लिहून टाकलं. रविवारी चाचांनी वह्या शेजारी ठेवल्या. त्यांच्या वहीत त्या दिवशी शून्य पूर्णांक चार होतं. पहाटे कधीतरी शिंतडून गेलं होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "बघितलं व्हतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. बाटली सांडली म्हणता आलं असतं. पण त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळं पंचाईत झाली. मी म्हणाले, "न्हाई बघितलं."

त्यांनी माझ्या शून्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "पोरी, शून्य म्हंजे बघितलं, आन्‌ न्हवतं. बघितलंच न्हाई तर कोरं सोडायचं. कोऱ्याची लाज न्हाई. न बघता लिहिलेल्या शून्याची लाज हाय."

मला वाटलं, आता गिलास काढून घेतील. दुसऱ्या दिवशी साडेआठला ते आमच्या क्वार्टरमागं आले, गिलास धोतराच्या टोकानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला. त्यानंतर मी न बघता शून्य कधी लिहिलं नाही. कोरी घरं मात्र बरीच राहिली, कारण शाळा होती, ताप होते, मामाचं गाव होतं, आणि खरं सांगायचं तर आळस होता.

त्यांच्या या खरेपणाचे फटके गावालाही बसले. एका दिवसात पासष्ट मिलिमीटर पडला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे होतात. मी नववीत असताना सोयाबीन काढून शेतात पडलं होतं आणि रात्रभर धो धो पाऊस झाला. सकाळी कुंपणाभोवती ही गर्दी. चाचांच्या गिलासात एका वेळी वीस मिलिमीटर मावायचे. त्यांनी मोठ्यानं मोजलं. वीस. वीस. वीस. आणि चार पूर्णांक दोन.

चौसष्ट पूर्णांक दोन! पासष्टाला आठ दशांश कमी. कुणीतरी हिशेब केला, तीन चमचे पाणी. माझे चुलते कुंपणाला हात लावून म्हणाले, "चाचा, तीन चमचे पान्यासाठी समद्या गावाचा घास काढता का? वोता की जरा. कोन बघून राह्यलंय?"

"मी बघून राह्यलो," चाचा म्हणाले.

त्या दिवसापासून गावानं त्यांना टपरीवर चहा पाजणं बंद केलं. चाचा तरीही टपरीवर जाऊन बसायचे, आणि कुणी सरकून जागा दिली नाही तर उभे राहायचे. मग एके दिवशी ते आपला डबा बांधून, आपली रजा टाकून, त्याच गावकऱ्यांबरोबर तहसीलला गेले. साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "नियम चुकीचा हाय. भिजलेल्या सोयाबीनला पासष्ट आन्‌ चौसष्ट कळत न्हाई. नियम बदला. आकडा बदलनार न्हाई." साहेबांनी नियम बदलला नाही, चाचांनी आकडा बदलला नाही, आणि आमच्या चुलत्यांच्या सोयाबीनला कोंब फुटले. मी तेव्हा चाचांच्या बाजूनं घरात भांडले होते. आज मी चुलत्यांच्या बाजूनंही भांडू शकेन, इतकं जग मी आता बघितलंय.

दहावीनंतर परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेनं मला दोन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. राहणं, खाणं, शिकणं, सगळं त्यांच्याकडं. तिथं डोंगर होते, बर्फ होतं, जगभरातली मुलं होती आणि शिक्षक फार चांगले होते, हे आधीच सांगते, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. पण शेवटच्या वर्षी तिथं अभ्यास मागं पडतो आणि एकच धंदा सुरू होतो. विद्यापीठांना अर्ज करणं. मार्क लागतातच, पण मार्कांवर भागत नाही. तुम्ही कोण, तुम्ही जगासाठी काय केलं, तुमच्यात दुसऱ्या कुणात नाही असं काय, हे सतरा वर्षांच्या पोरांनी एका निबंधात सांगायचं.

सतराव्या वर्षी कुणी काय केलेलं असतं हो? माझ्या खोलीतल्या मुलीनं सुट्टीत एका अनाथाश्रमात दोन दुपारी चित्रकला शिकवली होती. अर्जात ती एका चळवळीची संस्थापक झाली. दुसऱ्या एकाला वडिलांच्या कंपनीत आठ दिवस खुर्ची मिळाली होती. अर्जात त्यानं कंपनीला नवी दिशा दिली. कुणालाच यात वावगं वाटत नव्हतं. जो तो आपापल्या शून्यात तीन-तीन चमचे ओतत होता, आणि वर एकमेकांचं कौतुकही करत होता.

अर्जाच्या कामात मदत करणाऱ्या एक बाई होत्या. फार मायाळू. मी आजारी असताना त्यांनी मला स्वतःच्या हातानं सूप करून पाजलं होतं. त्यांना माझ्या पर्जन्यमापकाबद्दल कळलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, हे सोनं आहे सोनं! मी लिहिलं होतं, 'सवड मिळेल तेव्हा मी पाऊस मोजायचे.' बाईंनी ते केलं, 'चार वर्षं, एकही दिवस न चुकता.' मी लिहिलं होतं, 'क्वार्टरमागचा जुना डबा.' त्याचं झालं, 'दुष्काळी भागात उभारलेलं हवामान केंद्र.' मी म्हटलं, बाई, रोज नाही हो मोजलं. त्या हसून म्हणाल्या, "पण भावना तर तीच आहे ना?"

भावना! पावसाच्या बाटलीत भावना किती मिलिमीटर असते, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला ते विद्यापीठ हवं होतं. पूर्ण शिष्यवृत्ती देणारी जी दोन-चार ठिकाणं होती त्यांतलं ते सगळ्यांत चांगलं, आणि त्यांतलं एकही मिळालं नाही तर मला परत येण्याशिवाय मार्ग नव्हता. माझ्या बाबांकडं फार्मची क्वार्टर होती, तीही निवृत्तीपर्यंतच. मी मान हलवली आणि 'एकही दिवस न चुकता' ठेवून दिलं.

त्या अर्जाला एक शिफारसपत्र लागत होतं, शाळेबाहेर ज्याच्या हाताखाली तुम्ही काम केलं त्याचं. बाई म्हणाल्या, पाऊसवाल्या गृहस्थांचंच हवं. डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा चाचांना घेऊन बाजारातल्या ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात गेले. आणि इथं मी ती चूक केली, जी आपल्याकडचंच माणूस करू शकतं.

आपल्यात वडीलधाऱ्या माणसाला 'माझ्याबद्दल चांगलं लिहा' असं तोंडानं म्हणत नाहीत. आपण म्हणतो, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. समोरचा समजतो, हसतो आणि कौतुकाची चार वाक्यं जास्त लिहितो. हा आपला शिष्टाचार. मी तोच पाळला. म्हणाले, "चाचा, तुमाला जे योग्य वाटंल ते लिहा."

"जे हाय ते लिहू?"

"हो, जे हाय ते."

"बराबर," असं म्हणून त्यांनी कापडी पिशवीतून माझ्या चार वह्या काढल्या. मी दहावीनंतर जाताना त्यांच्याकडं ठेवलेल्या त्या वह्या बघूनही मला उमगलं नाही. मी शेजारी खुर्ची ओढायला लागले तर म्हणाले, "तू भाईर बस. इथं लिहिलंय, चिठ्ठी बघनार न्हाई अशी तू सही दिलेली हाय." जगभरात हजारो मुलं त्या ओळीखाली सही करत असतील आणि हजारो माणसं त्यांना शेजारी बसवून चिठ्ठी लिहीत असतील. माझे चाचा मात्र उठून दुकानाचं दार लावून आले. तीन तास मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. दुकानदार मधून मधून काचेतून माझ्याकडं दयेनं बघत होता, कारण चाचा एकेका बोटानं टाइप करत होते आणि प्रत्येक आकडा दोनदा तपासत होते.

फेब्रुवारीत बाईंनी मला खोलीत बोलावलं. विद्यापीठानं शाळेला कळवलं होतं की अर्जात आणि शिफारसपत्रात मेळ बसत नाही, म्हणून अर्ज पुढं जाणार नाही. बाईंचे डोळे लाल झाले होते. "हे तुला दाखवायचं नसतं," म्हणाल्या आणि चाचांची चिठ्ठी उघडून संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला.

पस्तीस वर्षं सरकारी नोंदवह्या भरून चाचांचं इंग्रजी नोंदवहीचंच झालं होतं. क्रियापदं कमी, आकडे जास्त. त्याचं मराठी असं होईल: एकूण काळ चार वर्षं दोन महिने. प्रत्यक्ष निरीक्षण सहाशे अकरा दिवस. उरलेले दिवस कोरे, आणि कोरेच ठेवलेले. एकदा न बघता शून्य लिहिलं. विचारल्यावर लगेच कबूल. त्यानंतर एकदाही नाही.

त्याखाली चौकोनांचा तक्ता होता. ही विद्यार्थिनी सामान्य, चांगली, उत्तम, की तुमच्या आयुष्यात भेटलेल्यांत सर्वोत्कृष्ट? चाचांनी एकाही चौकोनात खूण केली नव्हती. शेरा होता: तुलनेसाठी दुसरं मूल आलं नाही. आणि शेवटचा प्रश्न, पुढं आमच्या विद्यापीठात हिच्याकडून काय अपेक्षा करता येईल? उत्तर: अद्याप निरीक्षण झालेलं नाही.

सहाशे अकरा! तेही अर्जातल्या 'एकही दिवस न चुकता'शेजारी! आणि ते शून्य! पाच वर्षांपूर्वीच्या पांघरुणातलं एक शून्य घेऊन हा माणूस सातासमुद्रापार माझ्यामागं आला! ज्या मुलाच्या वडिलांच्या मित्रानं 'असा मुलगा शतकात एकदा जन्मतो' असं लिहिलं, त्याला त्याच विद्यापीठानं घेतलं. तो मुलगा माझ्याकडून भौमितिक श्रेढी शिकून जायचा. मला चाचांचा राग आला, बाईंचा आला, त्या चौकोनांचा आला. ज्या फॉर्मला खरं वाचता येत नाही त्यानं खरं विचारावं कशाला? स्वतःचा राग मात्र त्या दिवशी आला नाही. तो उशिरा आला आणि अजून मुक्कामाला आहे.

मी चाचांना फोन लावला, चांगलं भांडायचं म्हणून. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"पोरी! पोचली का माझी चिठ्ठी? वाचली का त्यांनी? काय म्हनले?"

पुढचं कधीही न विचारणारा माणूस एका दमात तीन प्रश्न विचारत होता. भांडण मी बाजूला ठेवलं. म्हणाले, "पोचली चाचा. वाचली. बघून राह्यले ते."

"बघू दे, बघू दे. घाई करू नको त्यांना."

तीन-चार विद्यापीठांच्या तारखा अजून शिल्लक होत्या. बाई म्हणाल्या, निबंध थोडा मवाळ करू आणि शिफारसपत्र दुसऱ्या कुणाचं तरी घेऊ. मी माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी मला एकही तास शिकवलेलं नव्हतं, बहुधा चेहराही आठवत नसावा. पण माणूस दिलदार. म्हणाले, "तूच लिही, मी सही-शिक्का मारून पाठवतो." मी लिहिलं, 'तीस वर्षांच्या सेवेत अशी विद्यार्थिनी पाहिली नाही.' वाचून दाखवलं तर म्हणाले, "तीस नको, पस्तीस कर. वजन पडतं."

एप्रिलमध्ये एका विद्यापीठानं मला पूर्ण शिष्यवृत्तीवर घेतलं. त्यांच्या पत्रात खास लिहिलं होतं की तुमच्या गुरुजनांच्या शब्दांनी आम्ही भारावून गेलो. माझेच शब्द होते ते, पस्तीस वर्षांचे!

जूनमध्ये मी घरी आले. बाबांनी फार्मवर पेढे वाटले होते. चाचा नुकतेच निवृत्त होऊन गावातल्या स्वतःच्या घरी राहायला गेले होते आणि माझा जुना पर्जन्यमापक त्यांनी आपल्या अंगणात नेऊन बसवला होता. आईनं सांगितलं, चाचा टपरीवर रोज सांगत बसतात, 'पोरगी खऱ्या चिठ्ठीवर गेली. तिथले लोक माप समजत्यात.' ज्या टपरीवर तीन चमचे पाण्यासाठी त्यांना उभं ठेवलं होतं, तिथंच ते आता बसून हे सांगत होते आणि लोक ऐकत होते.

मी भेटायला गेले. चाचींनी शिरखुर्मा दिला. चाचा माझ्यासमोर पाट घेऊन बसले आणि अगदी त्यांच्या पद्धतीनं विचारलं, "मला नीट सांग. कागद तू सोता बघितला व्हता? त्यांनी माझीच चिठ्ठी वाचून घेतलं?"

तोच प्रश्न. बघितलं व्हतं? सातवीत मला खरं बोलता आलं होतं. आता मी अठरा वर्षांची होते, दोन वर्षं जग बघून आले होते, आणि तो म्हातारा माझ्या तोंडाकडं टक लावून बसला होता.

"बघितलं चाचा," मी म्हणाले. "तुमचीच चिठ्ठी."

त्यांनी पुढं एक शब्द विचारला नाही. ज्या पोरीला त्यांनी स्वतः तयार केलं होतं तिची नोंद म्हणजे नोंद. मला याचाच संताप येतो. चार दशांश ज्यांच्या नजरेतून सुटायचे नाहीत, त्यांना माझ्या चेहऱ्यावरचं एवढं मोठं खोटं दिसू नये? दर सुट्टीत मी ठरवायचे, आता सांगून टाकायचं. सकाळी त्यांच्या अंगणात जायचे, ते बाटली उपडी करत असायचे, मान वर करून हसायचे, आणि मी मनाशी म्हणायचे, उद्या साडेआठला सांगू. सहा वर्षं मी हेच म्हणत राहिले. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात चाचा गेले.

गेल्या आठवड्यात मी महिनाभराच्या रजेवर आले. काल एक मुलगी मला भेटायला आली. चाचांच्याच गल्लीतली, वडील कापसाच्या जिनिंगवर हमाल. मी गेल्यानंतर चाचांकडं मोजायला येणारी दुसरी आणि शेवटची. आता त्यांच्या अंगणातला पर्जन्यमापक तीच बघते, चाची तिला चहा देतात. यंदा दहावी झाली आणि माझ्याच त्या परदेशातल्या शाळेचा फॉर्म तिनं आणला होता. एका रकान्यावर तिचं बोट होतं.

"ताई, इथं इचारलंय किती दिवस मोजलं. मी चारशे बारा दिवस मोजलं. मधी कावीळ झाल्ती, आत्याच्या लग्नाला गेल्ते. पोरी म्हनून राह्यल्या, रोज मोजलं असं लिही, कोन बघाय येतंय? पन चाचा म्हनायचे, खरं लिहिलं की ते लोक घेत्यात. तुमाला घेतलं. लिहू ना खरं?"

खरं लिही म्हटलं तर मी तिला त्याच भिंतीवर नेऊन आपटणार होते. खोटं लिही म्हटलं तर चाचांना दुसऱ्यांदा मारणार होते. माझ्या तोंडून निघालं, "उद्या साडेआठला सांगते." तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं, मी चाचांची आठवण काढली.

आज सकाळी सव्वाआठलाच मी चाचांच्या अंगणात जाऊन बसले. ती आली, बाटली उपडी केली, गिलास उजेडात धरला, शून्य लिहिलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. निबंधातलं 'एकही दिवस न चुकता', सहाशे अकरा, मुख्याध्यापकांचा शिक्का. चाचांच्या चिठ्ठीवर मला कुणी घेतलं नाही, हेही सांगितलं. चाची आत भांडी घासता घासता थांबल्या होत्या.

नाव माझं बुडालं होतं, पण तिच्या डोळ्यांत भीती होती ती वेगळीच.

"म्हंजे चाचा न बघता बोलले?"

"न्हाई गं," मी म्हणाले. "ते बघूनच बोलले. मी त्यांना दाखवलं तेच खोटं व्हतं."

तिनं फॉर्म घडी करून वहीत घातला. "मंग काय लिहायचं ते मला तुमी नगा सांगू, ताई," ती म्हणाली. मी मदतीला हात पुढं केला होता. तिनं गिलास ओढणीच्या टोकानं पुसला आणि माझ्या हातात न देता कपाटात ठेवून दिला.